शर्यतशौकिनांच्या आठवणी : महाड-पोलादपूरकडील एक उपेक्षित साधन

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधणारा अभ्यासक आधीं रायगडाकडे वळतो, मग उमरठास तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीकडे जातो, आणि अर्वाचीन काळांत उतरला म्हणजे १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापाशीं थांबतो. हें योग्यच आहे. परंतु येथील रयत भातझोडणी आटोपल्यावर कशांत रमत होती, कोणाच्या जयापजयाची चर्चा पारावर वर्षभर चालत होती, याचें उत्तर या साधनांत नाहीं. तें बैलगाडीच्या शर्यतींचा नाद असलेल्या वृद्ध मंडळींच्या तोंडीं आहे. अशीं चार माणसें एकत्र बसलीं कीं जुने गाडीवान, जुने गाडामालक व शर्यती भरविणारे पुढारी यांचीं नांवें निघतात आणि वाद रंगतो. हा वाद इतिहास नव्हे. पण परीक्षण केल्यास तो इतिहासाचें साधन खास आहे.

त्वरा करण्यास कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, तरी त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें शर्यतींस अटकाव केला. पुढें १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें दुरुस्त कायदा वैध ठरविला. म्हणजे मध्यें साडेसात वर्षांचा खंड पडला. खंडापूर्वींचे लोक आतां थकले आहेत, आणि कागद म्हणावे तर २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पाण्याखालीं गेलें. जेथें दप्तरेंच भिजतात तेथें शर्यतीचें पत्रक कोण जपणार?

आठवणींची पहिली कसोटी खुद्द शर्यतीच्या प्रकारांतच आहे. हा मुलूख डोंगरी असून वरंध घाटानें भोरशीं आणि आंबेनळी घाटानें महाबळेश्वर-वाईशीं जोडलेला आहे; समुद्रकिनारा पश्चिमेस दूर. येथील शौकिनाच्या आठवणींत देशावरील व किनाऱ्यावरील शर्यतींची सरमिसळ होणें स्वाभाविक होय. परंतु हे प्रकार एक नव्हेत. पुण्याच्या उत्तरेस जुन्नर, आंबेगांव, खेड या भागांत चढाच्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. तेथें गाड्यास चार बैल, पुढें घोडेस्वार, आणि वेळ सेकंदांवर मोजतात. गाड्यावर हांकणारा बसत नाहीं. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानांत दोन बैलांचा हलका छकडा पळतो व त्यावर हांकणारा असतो. अलिबागकडे ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. विदर्भांत शंकरपट, व तेथील हांकणारास धुरकरी म्हणतात. तेव्हां जुन्नरच्या घाटांत अमक्या गाडीवानानें कासरा खेंचून बाजी मारली असें कोणी सांगूं लागला, तर तो खोटें बोलतो असें समजूं नये. दोन शर्यती त्याच्या मनांत एक झाल्या आहेत, आणि गाडीवान बहुधा साताऱ्याकडील मैदानाचा आहे. उलट त्यानें पुढच्या घोडीचें वर्णन केलें, तर तो प्रसंग देशावरील घाटांतला खराच असावा.

दुसरी कसोटी कालाची. सांगणारा सन सांगत नाहीं. ‘भूकंपाच्या वर्षीं’, ‘पुराच्या वर्षीं’, ‘पूल गेला तेव्हां’ असें म्हणतो. हीं गमकें उत्तम आहेत, कारण त्यांच्या तारखा निश्चित आहेत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. दासगांव, जुई येथील दरडी जुलै २००५ मधील. सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पडला. तळिये येथील दरड २२ जुलै २०२१ ची. मात्र दोन सावधगिऱ्या हव्यात. एक, ‘पुराचें वर्ष’ २००५ कीं २०२१, हें आधीं ठरवावें. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. पूर पावसाळ्यांत, शर्यत मात्र दिवाळीपासून यात्रांच्या हंगामापर्यंत. मग पुराच्या वर्षींची शर्यत ही पुराआधींची कीं नंतरची? येथें सन विचारून उपयोग नाहीं. ‘पूर आला तेव्हां तो बैल दावणीला होता का?’ असें विचारावें. बैलाविषयीं शौकिनाची स्मृति सनाविषयींच्या स्मृतीहून फार पक्की असते.

याच रीतीनें कांहीं विधानें आपोआप तपासलीं जातात. पूल पडला त्या हंगामांत उघड मैदान भरलें, असें कोणी म्हटलें तर तो काळ मनाईचा आहे. एक तर ती शर्यत चोरून झाली किंवा साल चुकलें. पण ‘पुराच्या वर्षीं शर्यती पुन्हा सुरू झाल्या’ हें विधान २०२१ लाच लागतें आणि बरोबर लागतें, कारण त्या पुरानंतरचा पहिला हंगाम हाच परवानगीनंतरचाही पहिला हंगाम होय.

बैलाच्या नांवांनीं मात्र फसगत होते. सर्जा, राजा हीं नांवें गोठोगोठीं. तीस वर्षें अजिंक्य राहिलेला सर्जा म्हणजे तीन-चार सर्जांची एकत्र झालेली कीर्ति असते. यावर उपाय दांतांचा. दुधाचे दांत न पडलेला तो आदत, दोन कायमचे दांत आलेला दुसा. दुसा होण्यास सुमारें दोन-अडीच वर्षें लागतात. पहिली बाजी आदत असतांना मारली कीं दुसा झाल्यावर, हें जुना शौकिन न चुकतां सांगतो, आणि तेवढ्यावरून एक सर्जा दुसऱ्यापासून वेगळा काढतां येतो.

बैलाचें नांव राहतें, मालकाचें राहतें; हांकणाराचें बहुधा पुसलें जातें. दावणीचें वैभव मालकाचें आणि धोका हांकणाराचा, असा हा न्याय आहे. परदेशांतील मोटारसायकलींच्या एका शर्यतीशीं ताडून पाहिल्यास हें उठून दिसतें. स्पीडवे नांवाच्या या शर्यतींत ब्रेक नसलेल्या गाड्या मातीच्या वाटोळ्या पट्टीवर चार फेरे घेतात. तेथील शौकिन स्वाराचेंच नांव धरून बसतात. १९३६ च्या पहिल्या जागतिक अंतिम सामन्यांत ब्लूई विल्किन्सन यानें आपल्या पांचही धावा जिंकल्या, पण आधींच्या फेऱ्यांतील गुण मिळवून लायोनेल व्हॅन प्राग विजेता ठरला. ही हळहळ त्या वर्तुळांत अद्याप सांगितली जाते. शर्यत भरविणाराच्या शब्दाविषयींही तेथील उदाहरण उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियांतील वेस्ट मेटलंड येथें १९२३ च्या डिसेंबरांत आपण हा खेळ प्रथम सुरू केला, अशी कथा जॉनी हॉस्किन्स या आयोजकाच्या नांवें रूढ झाली. नंतरच्या संशोधकांनीं त्यापूर्वींच्या अशाच शर्यती दाखवून दिल्या. हॉस्किन्सचें कर्तृत्व त्यामुळें नाहींसें होत नाहीं. परंतु आरंभाचा मान सांगणारा स्वतःच मानकरी असला, तर साक्ष दुसरीकडून घ्यावी. ‘या तालुक्यांत पहिलें मैदान आम्हीं भरविलें’ हें वाक्य महाडकडेही ऐकूं येईल. त्याला हाच नियम लावावा.

आठवणींत जें गळतें तेंही टिपलें पाहिजे. बैलास काय खाऊं घातलें हें सांगणारा तपशिलानें सांगतो. पराणी, चाबूक, शेपटी पिरगाळणें यांविषयीं गप्प राहतो. २०१४ च्या निकालांत याच क्लेशांचा विचार मुख्य होता. विचारणारानें हा विषय शेवटीं, पण न चुकतां काढावा. बरेचदां जुना गाडीवानच अधिक मोकळेपणानें बोलतो, कारण मानाचा वांटा त्याला मिळालेलाच नसतो.

आणि एखादें पत्रक हातीं आलें, त्यावर साल छापलेलें नसलें, तरी तें टाकूं नये. यात्रेची तिथि व वार असला म्हणजे जंत्री काढावी. तीच तिथि त्याच वारीं थोड्याच वर्षीं येते. त्यांतून मनाईचीं वर्षें वजा करावीं, उरलेलीं भूकंप, दरड, पूल व पूर यांच्या खुणांशीं ताडावीं. बहुधा एकच साल उरतें.