विश्लेषण : जमावबंदीचा आदेश वारंवार का निघतो? त्यात कोणाला सूट, कोणाला अटकाव?

सण जवळ आला, निवडणूक जाहीर झाली किंवा एखाद्या मोर्चाची हाक दिली गेली की मोबाइलवर संदेश फिरू लागतो : ‘शहरात १४४ लागू, पाचपेक्षा जास्त जण एकत्र दिसल्यास कारवाई.’ लग्नघरी धावपळ उडते, सोसायटीची वार्षिक सभा घ्यावी की नाही असा प्रश्न पडतो. दोन दिवसांनी पोलिसांचा खुलासा येतो की, हा नेहमीचा आदेश आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र आदेश ‘नेहमीचा’ असणे, हाच खरा प्रश्न आहे.

कलम १४४ आता आहे का?

त्या क्रमांकाने नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या संहितेतील कलम १४४ मधील तरतूद आता कलम १६३ मध्ये आहे. क्रमांक बदलला, आशय जवळपास तोच राहिला. जीविताला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका, सार्वजनिक शांततेचा भंग, दंगल किंवा मारामारी टाळण्यासाठी तातडीने पावले उचलण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्यांना दिला आहे.

या कलमात ‘पाच माणसे’ असा उल्लेखच नाही. पाचचा आकडा येतो तो बेकायदा जमावाच्या व्याख्येतून. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये आहे. कलम १६३ खाली काय करू नये, हे दंडाधिकारी आदेशात लिहून ठरवतात. त्यामुळे या तरतुदीचा वापर केवळ गर्दी रोखण्यापुरता राहिलेला नाही. परीक्षा केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवणे, ड्रोन उडवण्यास मनाई, नायलॉन मांजावर बंदी, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची घरमालकावर सक्ती, असे आदेशही याच तरतुदीखाली निघत आले आहेत.

महाराष्ट्रातील ‘कलम ३७’ काय आहे?

राज्यात जमावबंदीचे अनेक आदेश केंद्रीय कायद्याखाली नव्हे, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हा अधिकार वापरतात. पोटकलम (१) खाली शस्त्रे, काठ्या, दगड बाळगणे, प्रक्षोभक भाषणे करणे यांवर बंदी घालता येते. पोटकलम (३) खाली सभा आणि मिरवणुकांना मनाई करता येते. अशी मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही.

कलम १६३ खालील आदेशाची मुदत कमाल दोन महिने असते. राज्य सरकारला आवश्यक वाटल्यास ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते. दोन्ही कायद्यांत मुदत घालण्यामागचा हेतू स्पष्ट आहे. हा उपाय संकटापुरता आहे, कायमचा नाही. प्रत्यक्षात मात्र एक आदेश संपतो आणि त्याच मजकुराचा दुसरा निघतो.

जमावबंदी आणि संचारबंदी एकच का?

नाही. जमावबंदीत एकट्यादुकट्याने फिरण्यास, कामावर जाण्यास, बाजारहाट करण्यास आडकाठी नसते. संचारबंदीत घराबाहेर पडण्यावरच निर्बंध येतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत राज्यात आधी जमावबंदी आणि पाठोपाठ संचारबंदी लागू झाली, तेव्हा हा फरक सर्वांनीच अनुभवला. त्या काळात नियमभंगाचे गुन्हे मोठ्या प्रमाणावर नोंदवले गेले. ते मागे घेण्याची घोषणा राज्य सरकारला २०२२ मध्ये करावी लागली.

पोलीस आयुक्तांच्या जमावबंदी आदेशात सहसा सवलतींची यादी असते. विवाह समारंभ, अंत्यविधी, कंपन्या, क्लब व सहकारी संस्थांच्या बैठका, चित्रपटगृहे, शाळा-महाविद्यालये, न्यायालये, कार्यालये, कारखाने आणि दुकानांतील नेहमीचे व्यवहार यांना त्यातून वगळले जाते. म्हणजे लग्नाला अडचण नाही आणि सोसायटीच्या सभेलाही नाही. मग उरते काय? मोर्चा, धरणे, निदर्शने, निषेध सभा. रोजच्या व्यवहाराला हात न लावता हा आदेश नेमका तेथे लागू होतो, जेथे नागरिक सरकारला काही सांगू पाहतात.

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद १९(१)(ख) नुसार शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. अनुच्छेद १९(३) नुसार देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी त्यावर ‘वाजवी’ निर्बंध घालता येतात. निर्बंध वाजवी कधी ठरतो, यावरच आजवरचे सगळे खटले लढले गेले.

यातील महत्त्वाच्या खटल्याची सुरुवात नागपुरात झाली. १९५६ मध्ये तेथील कापड गिरणी कामगारांच्या दोन संघटनांतील तणावामुळे कलम १४४ खाली आदेश निघाला. ‘बाबूलाल पराते विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. पुढे समाजवादी नेते मधु लिमये यांनी याच कलमाला आव्हान दिले. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवले, मात्र तातडीची गरज हाच या अधिकाराचा पाया असल्याचे स्पष्ट केले. १९७२ च्या हिंमतलाल शहा प्रकरणात न्यायालय म्हणाले की, रस्त्यावरील सभांचे नियमन करता येईल, पण परवानगी द्यायची की नाही हे पोलिसांच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

वारंवार निघणाऱ्या आदेशांबाबत न्यायालयांची भूमिका काय?

१० जानेवारी २०२० रोजी ‘अनुराधा भसीन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. काश्मीरमधील निर्बंधांबाबतचे हे प्रकरण न्या. एन. व्ही. रमणा, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठापुढे होते. रास्त मत, तक्रार किंवा लोकशाही हक्कांचा वापर दडपण्यासाठी कलम १४४ वापरता येणार नाही, आदेशात वस्तुस्थिती नमूद हवी, तो प्रसिद्ध व्हायला हवा, निर्बंध धोक्याच्या प्रमाणात हवा आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असे या निकालात म्हटले आहे. त्याआधी २०१८ मध्ये दिल्लीतील जंतरमंतर परिसराच्या प्रकरणातही सततच्या मनाई आदेशांवर न्यायालयाने आक्षेप घेतला होता.

महिनाभरातच महाराष्ट्रातील प्रकरण समोर आले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात काही जणांना धरणे धरायचे होते. पोलिसांनी जमावबंदी आदेशाचे कारण देत परवानगी नाकारली. आदेश दिसायला सर्वांना लागू होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो रद्द केला. आदेशाचा खरा रोख या आंदोलकांवरच होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही, असेही न्यायालयाने सुनावले.

पोलिसांची बाजू काय?

गर्दी बिथरली तर जबाबदारी पोलिसांवरच येते. अफवेवरून दंगल पेटण्यास काही मिनिटे पुरतात आणि हाताशी आदेश नसेल तर वेळेत हालचाल करणे कठीण जाते, असे पोलीस सांगतात. रस्ता अडला तर रुग्णवाहिका, परीक्षार्थी, हातावर पोट असलेले विक्रेते यांचे हाल होतात, हेही खरे. शाहीन बाग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत असा निर्वाळा दिला. २०२५ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनावेळी आझाद मैदानाबाहेरचे रस्ते मोकळे करण्याचे निर्देश उच्च न्यायालयाने दिले, तेही याच तत्त्वाने. मात्र ठरावीक ठिकाणी गर्दीचे नियमन करणे वेगळे आणि संपूर्ण शहरात सदासर्वकाळ मनाई ठेवणे वेगळे.

आदेश मोडल्यास काय होते?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जीविताला किंवा आरोग्याला धोका झाल्यास ही मर्यादा एक वर्ष आणि ५,००० रुपये आहे. आधीच्या कलम १८८ मध्ये ती अनुक्रमे एक महिना, २०० रुपये आणि सहा महिने, १,००० रुपये होती. म्हणजे नव्या कायद्यात शिक्षा वाढली आहे. गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. शिवाय संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही.

अनेकदा गुन्हा दाखल होतच नाही. आंदोलकांना गाडीत बसवून पोलीस ठाण्यात नेले जाते आणि सायंकाळी सोडले जाते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ चा आधार यासाठी घेतला जातो. खटला नाही, शिक्षा नाही, पण आंदोलनाचा दिवस मात्र हातातून गेलेला असतो.

दाद कोठे मागता येते?

कलम १६३ खालील आदेश रद्द करावा किंवा बदलावा, असा अर्ज बाधित व्यक्तीला त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडण्याची लवकर संधी द्यावी लागते आणि अर्ज फेटाळल्यास कारणे लिहावी लागतात. राज्य सरकारकडेही अर्ज करता येतो. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असतोच. आदेशाची प्रत पाहून तो कोणत्या कलमाखाली आहे, मुदत किती आहे, कारण काय दिले आहे आणि सूट कोणाला आहे, या चार गोष्टी तपासल्या तर संदेशातील अफवा आणि खरा आदेश यांतला फरक लगेच कळतो.

अडचण वेळेची आहे. १५ दिवसांच्या आदेशाला आव्हान देऊन सुनावणी होईपर्यंत मुदत संपते आणि याचिकेला अर्थ उरत नाही. तोवर नवा आदेश निघालेला असतो. म्हणूनच माजलगावसारखे निकाल मोजके आहेत आणि ‘नेहमीचे’ आदेश मात्र नेहमीचेच राहिले आहेत.