जागे होणारे जनुक

आमच्या सोलापूरच्या जकार्ड मागावर ताण्याचे सगळे धागे हजर असतात. कोणता केव्हा उचलायचा, ते भोके पाडलेले पुठ्ठे ठरवतात. जनुकांचेही तसेच. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. कोणती जागी होतात, यावर पेशी डोळ्याची की यकृताची हे ठरते.

हे जागे होणे पाहता येते झेब्राफिशमध्ये. गंगेच्या खोऱ्यातल्या या दीड इंची पट्टेरी माशाची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये केली. जेलीफिशच्या हिरव्या चमकत्या प्रथिनाचे जनुक, अभ्यासायच्या जनुकाच्या नियंत्रक भागाला जोडून, माशाच्या एकपेशीय अंड्यात टोचतात. पिल्लू पारदर्शक असते. ते जनुक दृष्टिपटलात जिथे जागे होते, तिथे जिवंत डोळा हिरवा चमकतो.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दृष्टिपटलातल्या चेतापेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. या माशात येतात. तिथल्या आधार देणाऱ्या म्युलर पेशी इजा होताच ‘एएससीएल१ए’ हे जनुक जागे करतात, विभागतात आणि नव्या चेतापेशी घडवतात. म्युलर पेशी आपल्याही डोळ्यात आहेत आणि त्या जनुकाचे भावंडही आपल्यापाशी आहे. २०१७ मध्ये प्रौढ उंदरांत ते मुद्दाम चालू करून, जोडीला एक रसायन दिल्यावर, इजा झालेल्या दृष्टिपटलात काही नव्या चेतापेशी तयार झाल्या.

माणसापर्यंत हे अजून पोचलेले नाही. तोवर मधुमेहींनी दृष्टिपटल वेळच्या वेळी तपासून घ्यावे. गेलेली पेशी आपल्याला परत मिळत नाही.