पाठवलं आणि पोचलं

गोष्ट 1985 च्या जूनमधली. मी तेव्हा पैठणला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. मुंबईच्या मुलाने मेल ट्रान्सफरने पाठवलेल्या पैशांसाठी एक म्हातारा शेतकरी रोज हेलपाटे घालत होता. मुंबईतून रक्कम निघाली होती. सूचनेचा कागद टपालात कुठेतरी अडकला होता. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "बाबा, तिकडून पाठवलंय." तो शांतपणे म्हणाला, "पाठिवलं ते म्या बी जाणतो, साहेब. पोचलं का, तेवढं सांगा." पैसे हाती आले तेव्हा त्याच्या शेतातला वाफसा निघून गेला होता.

ही हकीकत मी परवा भाच्याला सांगितली. तो चिपचे आराखडे करतो. म्हणाला, "मामा, आमचंही सगळं भांडण याच प्रश्नाशी आहे."

नखाएवढ्या सिलिकॉनवर माहिती या भागातून त्या भागात अखंड जात असते. बहुतेक चिपमध्ये हा व्यवहार घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. सेकंदाला अब्जावधी ठोके. ठोका पडला की समोर असेल ते उचलायचे. पोच मागायची नाही. माहिती वेळेत आली असणार, हे गृहीतच. त्यामुळे सगळ्यांत संथ वाटेला जेवढा वेळ लागतो, त्यावर सगळ्यांची चाल ठरते. शिवाय ठोका साऱ्या कोपऱ्यांत एकाच क्षणी पोचवणे अवघड, आणि तो वाजवत ठेवायलाही वीज लागते.

दुसरी रीत बिनघड्याळाची. तिला असिंक्रोनस म्हणतात. देणारा एका तारेवर 'माल ठेवलाय' अशी खूण करतो. घेणारा उचलतो आणि दुसऱ्या तारेवर पोच देतो. पोच आल्याशिवाय पुढचा माल नाही. काही रचनांत प्रत्येक बिटला दोन तारा असतात, एक शून्याची, एक एकाची. दोन्ही शांत असतील तर अजून काही आलेले नाही, हे माहितीच सांगते.

आयव्हन सदरलँड यांनी 1989 साली छापलेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात हीच रीत मांडली. पुढे मँचेस्टरला स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने 'ॲम्युलेट' हे बिनघड्याळाचे प्रोसेसर करून दाखवले. तरीही घड्याळ गेले नाही. पोचेला तारा जास्त लागतात, परतीच्या फेरीचा वेळ जातो, तपासणीही किचकट. म्हणून काही ठिकाणी मधली वाट काढतात: प्रत्येक भागाला आपापले घड्याळ, आणि दोन भागांमधल्या दुव्यावर मात्र पोचेचा रिवाज.

भाचा हे सांगत होता आणि मला माझी नोकरी आठवत होती. दहाला शटर उघडणे, दोनला कॅश बंद, संध्याकाळी ताळा. आमचे घड्याळ कधी चुकले नाही. 'कृपया पोच द्यावी' हे शब्दही हजारो पत्रांखाली मी सवयीने लिहिले. पोच आली की नाही, हे क्वचितच पाहिले. त्या म्हाताऱ्याला आमच्या वक्तशीरपणाशी कर्तव्य नव्हते. तो फक्त दुसरी तार मागत होता.