तारुण्य, वेग आणि हप्ता

नोकरीचे पत्र घरी आले की पूर्वी पेढे वाटले जात. आजही वाटले जातात. परंतु पेढ्यांची चव जिभेवर असतानाच आता दुसरा प्रश्न उभा राहतो : गाडी कोणती घ्यायची? नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून पदवी घेऊन पुण्यास गेलेला तरुण असो की लातूरच्या एखाद्या बँकेत नुकताच रुजू झालेला लिपिक असो, पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या मुलाच्या मनात जी गाडी घर करून बसते, ती बहुधा कुटुंबाची सोय पाहणारी नसते. परदेशातील तरुण ज्या ओढीने दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारकडे पाहतो, त्याच ओढीने मराठवाड्यातील तरुण ‘थार’कडे पाहतो. २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या रूपात बाजारात आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या या मोटारीला दोन्ही बाजूंस मिळून दोनच दरवाजे होते. आईवडिलांना मागे बसायचे तर पुढचे आसन वाकवून आत शिरावे लागे. तरीही तिची मोहिनी ओसरली नाही. ही खरेदी गरजेची नसून हौसेची आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

हौसेला नाक मुरडणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. आज उपदेश करणारी पिढी काटकसरीने राहिली हे खरे. परंतु तिच्यापुढे मोह तरी किती होते? बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती आणि तेवढ्या रकमेचे कर्ज घेऊन कोणतीही बँक शिक्षकाच्या दारी येत नव्हती. परवान्याच्या आणि टंचाईच्या त्या काळात अभावालाच पुष्कळदा संयमाचे नाव मिळाले. शिवाय पुढे ढकललेला आनंद नेहमी हाती लागतोच असेही नाही. निवृत्तीच्या पैशातून गुरुजी मोटार घेतात, तेव्हा गुडघे कुरकुरू लागलेले असतात आणि रात्री समोरून येणारे दिवे डोळ्यांना सोसत नाहीत. तारुण्यातला आनंद तारुण्यातच घ्यावा, या म्हणण्यात तथ्य आहे.

प्रश्न आहे तो या आनंदाची किंमत कोणत्या नाण्यात चुकवायची, हा. दहा लाखांचे कर्ज, दरसाल नऊ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत, असा हिशेब धरला तर महिन्याचा हप्ता सुमारे १६ हजार ९० रुपये होतो. सात वर्षांत साडेतेरा लाख रुपये भरले जातात. त्यांपैकी साडेतीन लाख निव्वळ व्याजाचे. आता दुसरा आकडा पाहावा. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा १६ हजार रुपये करण्यात आले. म्हणजे एका शिक्षणसेवकाची महिनाभराची संपूर्ण कमाई आणि एका हौसेच्या मोटारीचा हप्ता यांत शे-सव्वाशे रुपयांचेही अंतर नाही. इंधन, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च वेगळाच. दुसरीकडे मोटारीचे मोल घटतच असते. विम्यासाठी धरली जाणारी तिची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्क्यांनी उतरते आणि पाचव्या वर्षाअखेर निम्म्यावर येते; हप्ते मात्र तेव्हाही दोन वर्षांचे उरलेले असतात. हीच १६ हजारांची रक्कम सात टक्के व्याजाने सात वर्षे साठवली, तर सव्वासतरा लाखांच्या घरात जाते.

या आकड्यांना आज विशेष अर्थ आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचारी संपावर गेले, ते उगाच नव्हे. वडिलांनी तिशीत पैसा उडवला असता, तरी साठीनंतर शासनाचे निवृत्तिवेतन त्यांच्या पाठीशी उभे होते. मुलाला तो आधार तसाच्या तसा लाभेल, असे गृहीत धरता येत नाही. खाजगी नोकरीत तर उद्याची शाश्वती त्याहून कमी.

मराठवाड्यातील घरांचा आणखी एक हिशेब असतो. तो बँकेच्या कागदावर येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या भागात पावसाचा असा भरवसा नाही, तेथे सोयाबीनवर चालणाऱ्या घरात नोकरदार मुलाचा पगार हीच एक बारमाही विहीर असते. धाकट्या भावाची लातूरच्या शिकवणीची फी, बहिणीचे लग्न, आईचे औषधपाणी या सर्वांना पाणी याच विहिरीचे. त्यातले सोळा हजार दरमहा ठरल्या तारखेस आधीच उपसले गेले, तर कोरड्या वर्षी उरते काय? दारात मोटार असली की सोयरिकीत वजन पडते, हेही खरे. पण ते वजन पुढे नव्या नवरीलाही हप्त्याच्या रूपाने उचलावे लागते.

आणि वेगाचे म्हणावे, तर तो तरी कितीसा पदरात पडतो? चौपदरी महामार्गावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठताना उसाचे ट्रॅक्टर, बाजाराला निघालेले दुचाकीस्वार आणि रस्ता ओलांडणारी गुरे ध्यानात घेतली, तर सुज्ञ चालक त्या मर्यादेच्याही पुष्कळ अलीकडेच थांबतो.

यापेक्षाही मोठी गोष्ट निराळीच आहे. पंचविशीतील माणसाजवळ पैसा थोडा असतो. पण मोकळीक फार असते. न रुचणारी नोकरी सोडता येते, स्पर्धा परीक्षेला पुन्हा बसता येते, पुढील शिक्षणासाठी दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन काढता येतात. तारुण्याचे खरे ऐश्वर्य हेच. सात वर्षांचा हप्ता पहिला घाला घालतो तो या मोकळिकीवर. साहेबाचे अनुचित म्हणणे मुकाट्याने ऐकून घेण्याची सवय पुष्कळदा महिन्याच्या पाच तारखेच्या धाकाने लागते. वेगाच्या ओढीने घेतलेली गाडी अशा रीतीने माणसालाच जागच्या जागी खिळवून ठेवते.

म्हणून मोटार घेऊच नये काय? तसे नाही. कर्ज काढून तूप पिण्याचा चार्वाकाच्या नावावर खपणारा सल्ला आणि हौसेला जन्मभर कुलूप घालणारा सल्ला, दोन्ही सारखेच एकांगी. सहीपूर्वी एक साधा प्रयोग करून पाहावा. जेवढा हप्ता पडणार, तेवढी रक्कम बारा महिने न चुकता आवर्ती ठेवीत भरावी. त्या वर्षात घरचे लग्नकार्य, दुखणे, शिकवणीची फी हे सारे कोणापुढे हात न पसरता निभावले, तर गाडी खुशाल घ्यावी. साठलेले एक लाख त्र्याण्णव हजार आणि वरचे व्याज एवढे कर्ज कमीच काढावे लागेल. आणि दोन-तीन महिन्यांतच ठेव मोडावी लागली, तर कळायचे ते कळून चुकेल, तेही वर्षाच्या आत आणि स्वतःच्याच पैशात. शोरूमच्या काचेमागची गाडी एक वर्ष थांबू शकते. घरचे दुखणे आणि भावाची फी थांबत नाही.