मेंदूची गाठ आणि लेसरची उष्णता

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची अत्यंत आक्रमक गाठ. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले. टेमोझोलोमाइड या औषधाची जोड मिळताच हा आकडा १४.६ वर गेला. वाढ अडीच महिन्यांची, पण घरच्यांना ती मोलाची.

अशा गाठींवरच्या लेसर उपचारात कवटीला काही मिलिमीटरचे छिद्र पाडून बारीक तंतू थेट गाठीत उतरवतात आणि एमआरआयवर तापमान पाहत पेशी जाळतात. खोल, शस्त्रक्रियेला अवघड गाठींसाठी हा पर्याय आहे. गाठ समूळ बरी होण्याची हमी मात्र नाही.

कंधार परिसरातील वाचकांनो, मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, पहाटे डोके दुखून उलटी झाली किंवा एक हात लुळा पडला, तर ते मेंदूच्या गाठीचे लक्षण असू शकते; बाहेरची बाधा समजून थांबू नका. नांदेडचे शासकीय रुग्णालय गाठा.