जिण्यातले जीन्स, व्हाया तंजावर!

सर्वांत मोठा मानला जाणारा मराठी शिलालेख कुठे आहे, माहीत आहे का? रायगडावर नाही, पुण्यात नाही. थेट तमिळनाडूत, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर! १८०३ मध्ये तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी तिथे अख्ख्या भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. फॅमिली ट्री, तोही दगडात!

आणि सरफोजी स्वतः? दत्तक! तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं. गादी दत्तकविधानाने मिळते हो, पण आयुष्याची दोरी?

शास्त्रज्ञांनीही वंशावळीच उलगडल्या. २०१८ मध्ये ऑनलाइन वंशवृक्षांतल्या ४० कोटींहून जास्त माणसांचा हिशेब मांडला गेला. आयुर्मानात आनुवंशिकतेचा वाटा किती निघाला, माहीत आहे का? १० टक्क्यांहूनही कमी! डेन्मार्कच्या जुळ्यांच्या अभ्यासात तो २५ टक्क्यांच्या आसपास होता.

मग आकडा घसरला कसा? खरी धमाल इथेच आहे. रक्ताचं नातं नसलेल्या मेहुण्या-मेहुण्यांचं आयुर्मानही एकमेकांशी मिळतंजुळतं निघालं! माणूस जोडीदार निवडतो तो बहुधा आपल्यासारखाच, आपल्याच राहणीचा. हे साम्य वजा केलं आणि आनुवंशिकतेचा आकडा उतरला! पत्रिका जुळो न जुळो, वयोमान जुळतं!

जीन्सची सुट्टी? छे! शंभरी गाठायची तर त्यांचं वजन वाढतं. बोस्टनच्या सेंटेनेरियन स्टडीत शतायुषींच्या भावांना शंभरीचा चान्स इतरांच्या किमान १७ पट, बहिणींना ८ पट! २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत ‘फॉक्सओ३’ या जीनचा दीर्घायुष्याशी संबंध सापडला.

गॅरंटी मात्र नाही. १२२ वर्षांचा विश्वविक्रम करणाऱ्या फ्रान्सच्या जान काल्माँ आजींची मुलगी आणि नातू, दोघंही चाळिशीच्या आतच गेले.

आपले शतकवीर? महर्षी कर्वे, १०४! भारतरत्न मिळालं ते शंभरीच्या वर्षी, १९५८ मध्ये. क्रिकेटर दि. ब. देवधर, १०१. मैदानाबाहेरही सेंच्युरी!

सरफोजी गेले ५४ व्या वर्षी. पण त्यांच्या ‘धन्वंतरी महाल’ या रुग्णालयातल्या नेत्ररुग्णांच्या केस-पेपरवर त्या-त्या पेशंटचा डोळा चक्क रंगवलेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात ही पानं जपून ठेवली आहेत. कमाल राजा!

जाता जाता... तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला १९२५ मध्ये जन्मलेले आणि ९८ वर्षं जगलेले एक जगप्रसिद्ध जेनेटिसिस्ट कोण, माहीत आहे का? हरितक्रांतीचे एम. एस. स्वामीनाथन! केंब्रिजची पीएचडी कशावर? बटाट्याच्या गुणसूत्रांवर!