वळवाआधीचं काम

मावळात टाक्यांना खरी भीती जुलैच्या संततधारेची नसते, मे महिन्यातल्या वळवाची असते. तळेगावच्या पुढच्या एका कारखान्यात सॉल्व्हंटच्या टाकीवर उभं राहून फिटरकाका हे सांगत होते. छपराचा पत्रा बुटाच्या तळव्यातून चटके देत होता आणि लोणावळ्याच्या अंगाला ढग चढत होते. जुलैत टाकी आधीच गार असते. मेच्या दुपारी ती तापलेली असते आणि तिच्यावर गार सर एकदम कोसळते.

50,000 लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल, तर आत 25,000 लिटर वायू असतो. तो 50 अंशांवरून 25 अंशांवर आला की सुमारे 1,900 लिटरनं आक्रसतो. ती जागा हवेनं भरली, तर द्रवाच्या वाफेला ऑक्सिजन मिळतो. टोल्युइन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट अवघा 4 अंश आहे, म्हणजे इथल्या हवेत तो बारा महिने पेटण्याजोगी वाफ सोडतच असतो. आणि जागा कशानंच भरली नाही, तर टाकी चेपते. एक मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो. साडेतीन मीटर व्यासाच्या छपरावर आतून 100 मिलिमीटरची ओढ बसली, तर तो भार साडेनऊशे किलोंच्या पुढे जातो. पातळ पत्र्याची टाकी बाहेरच्या हवेपुढे फार कच्ची.

म्हणून वर, दाब घटला की नायट्रोजन आत सोडणारा ब्लँकेटिंग व्हॉल्व्ह बसवतात. हेडरमध्ये, म्हणजे मुख्य नळीत, नायट्रोजन दर चौरस सेंटिमीटरला 6 किलोंनी येतो. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर 60,000 मिलिमीटर. टाकीत मात्र लागतात फक्त 50. एवढासा दाब ओळखायला डायफ्रॅमचा पडदा ताटाएवढा लागतो, आणि 200 मिलिमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवरही 50 मिलिमीटरचा जोर भरतो जेमतेम दीड किलो. त्या दीड किलोनं स्प्रिंगशी झुंजायचं. व्हॉल्व्ह तिरका बसला, तर डायफ्रॅमच्या प्लेटचं वजनच हिशोब बिघडवतं. काका फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळत होते आणि दर फेरीला स्पिरिट लेव्हल ठेवून पाहत होते. मदतीचा पोरगा कंटाळला होता. मला विचाराल तर कारागिरी त्या कंटाळवाण्या फेऱ्यांतच होती.

सेन्सिंग लाइनवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला. टाकीतला दाब व्हॉल्व्हला कळवणारी ही बारीक नळी सलग टाकीकडे उतरती हवी. मध्ये पोट राहिलं की तिथं वाफ निवून द्रव साचतो, आणि चार-पाच सेंटिमीटर द्रव म्हणजे जवळजवळ अख्खं सेटिंगच. पोरानं नळी जरा खाली वाकवली होती. "ही सोडव रे, परत बसव," एवढंच काका म्हणाले.

लोणावळ्याला 600 मीटरवर मुंबईहून आणलेली वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात. व्हॉल्व्हला मात्र घाट चढल्याचा फरक पडत नाही, कारण स्प्रिंगच्या बाजूचं भोक उघडं असतं आणि तुलना तिथल्याच हवेशी होते. पण त्याच भोकात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. म्हणून त्यावर जाळी लावतात, आणि देखभालीला आलेला जाणता माणूस आधी ती जाळी बघतो.

सेटिंग यू-नळीच्या मॅनोमीटरवर, रंगीत पाण्यानं झालं. जास्तीचा दाब बाहेर सोडणारा ब्रीदर व्हॉल्व्ह 150 मिलिमीटरला उघडणारा होता. 50 आणि 150 मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं. ते कमी पडलं किंवा ब्लँकेटिंगच्या सीटवर कचरा अडकला, तर इकडून नायट्रोजन आत आणि तिकडून ब्रीदरमधून बाहेर. टाकी सुरक्षितच दिसते, वाढतं ते फक्त नायट्रोजनचं बिल. उलट बाजूचा बिघाड भोपाळच्या वायुदुर्घटनेतल्या कारखान्यात होता. मिथाइल आयसोसायनेटच्या ई-610 टाकीत 1984 च्या ऑक्टोबर अखेरपासून नायट्रोजनचा दाब टिकत नव्हता, त्यामुळे आतला माल दाबानं बाहेर काढणंही जमत नव्हतं. 2-3 डिसेंबरच्या रात्री पाणी शिरलं ते त्याच टाकीत. एकट्या नायट्रोजननं ती रात्र टळली असती असं मी म्हणणार नाही. पण दाब टिकत नाही ही खूण महिनाभराहून अधिक काळ समोर होती.

टाकीच्या आत उतरायचं असेल, तेव्हा काका नायट्रोजनचा कॉक बंद करण्यावर भागवत नाहीत. मॅनहोल उघडलं की टाकीतला दाब शून्यावर येतो, आणि ठणठणीत व्हॉल्व्ह तेव्हाच पूर्ण उघडतो. कॉक थोडा जरी गळत असला, तरी आत वाकलेल्या माणसाच्या तोंडावर नायट्रोजन येत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन पार खाली गेला, तर दोन श्वासांत माणूस कोसळतो. म्हणून फ्लँज सोडून मध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती, टाकायचा, टाकी हवेनं धुवायची, मीटरवर ऑक्सिजन 20.9 टक्के दिसला की मगच परमिटवर सही. ब्लाइंड स्वतः पाहिल्याशिवाय काका शिडीला हात लावत नाहीत, मग साहेब खाली कितीही घाई करोत.